आईचे वजन, लेकराचे वजन

(विहाराच्या वर्धापन दिनी सावनेर येथे भरलेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोललो तसेच, थोडेफार नीट करून, स्मरणिकेसाठी दिले आहे.)



 माझा विषय जाहीर झाला तेव्हा काही जण हसले. समितीच्या बैठकीत एका ज्येष्ठ उपासकांनी तर स्पष्टच विचारले, की "वजन" हा काय विहारात बोलायचा विषय आहे? धम्मावर बोला, संविधानावर बोला, शिक्षणावर बोला. बायांच्या वजनावर आणि लेकरांच्या खाण्यापिण्यावर बोलायला अंगणवाडी आहे, दवाखाना आहे. त्यांचा प्रश्न प्रामाणिक आहे. ते समोरच बसलेले आहेत, म्हणून आज मी जे बोलणार आहे ते अर्धे त्यांना उत्तर म्हणूनच आहे, असे समजावे.

मी डॉक्टर नाही. सूतगिरणीतला कामगार आहे. पण वजनकाटा मला चांगला कळतो. रुईची गठाण १७० किलोची धरतात. पावसाळ्यात रुई ओल धरते आणि तीच गठाण काट्यावर जड भरते. म्हणून गिरणीत कोणी एकदा काटा पाहून निकाल देत नाही. ओल किती, काटा शून्यावर होता का, मागच्या खेपेला किती भरले होते, हे सगळे विचारतात. निर्जीव रुईसाठी एवढी चौकशी! आणि आपल्या लेकराला अंगणवाडीत काट्यावर टांगले, आकडा कमी दिसला, की चौकशी संपते. आईकडे पाहून सगळे म्हणतात, "काय वो, पोट्ट्याले खाऊ घालत नाही काय?"

आपल्या सावनेर तालुक्यातल्या बायांना काटा माझ्यापेक्षा जास्त कळतो. दिवाळी झाली की पऱ्हाटीचे वावर पांढरे होते आणि बाया वेचणीला निघतात. मजुरी किलोवर. दिवस मावळता मावळता धुऱ्यावर काटा टांगतात आणि एकेकीचे गाठोडे तोलले जाते. कोणाचे पंचवीस किलो, कोणाचे तीस. आकड्यात अर्धा किलोचा फरक पडला तर आमच्या बाया मालकाशी भांडतात, आणि भांडायलाच पाहिजे. पण हीच बाई स्वतः काट्यावर कधी उभी राहते? पोटात लेकरू असले तर दवाखान्यात एक-दोनदा. एरवी कधीच नाही. कापसाचा हिशेब आहे, वेचणारीचा हिशेब नाही.

मागच्या वर्षी आपल्या वस्तीत एक गोष्ट घडली. नाव सांगत नाही, ती बाई इथेच बसली असेल. तिच्या दीड वर्षाच्या मुलीचे वजन सलग दोन महिने कमी भरले. तिसऱ्या महिन्यात वजनाच्या दिवशी ती आलीच नाही. घरी बोलवायला गेले तर दाराला कडी. ती लेकराला लपवत नव्हती, स्वतःला लपवत होती. चार बायांत आपल्या लेकराचा आकडा मोठ्याने वाचला जातो, सासू घरी गेल्यावर तेच पुन्हा ऐकवते, नवरा म्हणतो "दिवसभर करते काय?" कोणती आई जाईल पुन्हा? आणि ती गेली नाही म्हणजे, जिला मदतीची सर्वात जास्त गरज, तीच यादीतून गळाली. यात अंगणवाडीच्या ताईला मी दोष देत नाही. तुटपुंज्या मानधनावर ती पोरे सांभाळते, रजिस्टरं लिहिते, मोबाईलवर माहिती भरते, निवडणूक आली की तेही काम करते. २०२३ च्या डिसेंबरात याच ताया-मावशा महाराष्ट्रभर संपावर बसल्या होत्या. त्या काही हौसेने बसल्या नव्हत्या.

आता विचार करा, त्या मुलीचे वजन का उतरले? मी वहीत तारखा लिहून पाहिल्या. उतार सुरू झाला वेचणीच्या हंगामात. आई सकाळी सात-आठला घर सोडते, दिवेलागणीला परत येते. लेकरू कोणाजवळ? नऊ वर्षांच्या मोठ्या बहिणीजवळ. म्हणजे तिची शाळाही बुडते. नऊ वर्षांची पोर दीड वर्षाच्या पोरीला काय खाऊ घालणार? पाच रुपयांचे पुडके फोडून देते, चहात बिस्कीट बुडवून देते, मोबाईल दाखवून गप्प बसवते. दीड वर्षाच्या लेकराचे पोट त्याच्या मुठीएवढे. त्याला एकदम ताटभर जात नाही. दिवसातून चार-पाच वेळा, थोडे थोडे, मऊ, तेल-तूप घातलेले, आणि घास भरवणारा कोणी समोर बसलेला, असे लागते. घरात तांदूळ होता, डाळ होती. समोर बसणारा माणूस नव्हता. आईने लेकराला उपाशी ठेवले, असे म्हणणाऱ्यांनी तिने त्या दिवसांत किती क्विंटल कापूस वेचला, तोही आकडा वाचावा.

काटा कसा वाचायचा, हे थोडे सांगतो, कारण कार्ड सगळ्यांच्या घरी असते आणि वाचते कोणीच नाही. लेकरू जन्मताना अडीच किलोपेक्षा कमी असले तर त्याला जास्त जपावे लागते. पाच-सहा महिन्यांत जन्माचे वजन दुप्पट व्हावे, वर्षाला साधारण तिप्पट. पहिले सहा महिने आईचे दूध आणि फक्त आईचे दूध. पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. बाळंतपणानंतरचा पहिला पिवळा चीक तर अजिबात टाकायचा नाही. आपल्या आज्या तो पिळून फेकायला लावत. त्यांची माया खोटी नव्हती, माहिती खोटी होती. सहा महिन्यांनंतर दुधाबरोबर वरचे खाणे सुरू. कार्डावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आहेत. पण पट्ट्यापेक्षा रेघ पाहा. एखाद्या महिन्यात ताप-हगवण झाली, वजन थोडे उतरले, पुढच्या महिन्यात चढले, तर घाबरू नये. लेकरू हिरव्यात आहे पण रेघ दोन-तीन महिने आडवी चालली, तर मात्र जागे व्हावे. शेजारणीच्या लेकराशी तुलना करू नका, त्याच लेकराच्या मागच्या महिन्याशी करा. आणि टांगण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, ते पाहा. लेकराच्या अंगात स्वेटर, पायात चांदीचे वाळे, आणि वजन "बरोबर"! गिरणीत असे तोलले तर माणूस कामावरून जातो.

दुसरी एक पट्टी असते, दंडाला गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरासाठी. साडेअकरा सेंटीमीटरच्या आत भरली तर ते लेकरू धोक्यात आहे. दोन्ही पायांवर सूज आली, किंवा लेकरू खाणेच सोडून मलूल पडले, तर महिला मंडळाची वाट पाहायची नाही, विहारात आणायचे नाही, कोणाचा ताईत बांधायचा नाही. सरळ दवाखाना.

आता आईच्या वजनाकडे येऊ. गरोदर बाईचे वजन नऊ महिन्यांत साधारण दहा ते बारा किलो वाढावे, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे काय समजूत आहे? "जास्त खाशील तर पोट मोठं होईल, बाळंतपण अवघड जाईल." म्हणून तिचा घास मोजतात. मग लेकरू दोन किलोचे होते आणि पुढे दोन वर्षे सगळे म्हणतात की पोट्टे वाढतच नाही. अहो, ते पोटातच कमी पडले होते! त्यात घरातला जेवणाचा क्रम तुम्हाला ठाऊक आहे. आधी घरधनी, मग पोरे, मग सासू, आणि शेवटी गंज खरवडून सून. भाजी संपली असेल तर तिखट-मिठासोबत भाकर. ती कोणाला सांगत नाही, आणि कोणी विचारतही नाही. जिजाऊंच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००५ साली माता-बाल आरोग्य व पोषण मिशन काढले. गरोदरपण आणि त्यापुढची दोन वर्षे, एवढ्या दिवसांत लेकराची पुढची ताकद ठरते, हे या मिशनने आवर्जून सांगितले. आपल्या घरातला ताटांचा क्रम मात्र तिथेच आहे.

लोहाच्या गोळ्या सगळ्यांना मिळतात. त्या डब्यात पडून राहतात, कारण मळमळते, शौचाला काळे होते, भीती वाटते. काळे होणे धोक्याचे नाही, हे एकीने दुसरीला सांगितले की भीती जाते. गोळी चहासोबत घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा संत्र्यासोबत घ्यावी. आपला सावनेर-काटोलचा मुलूख संत्र्यांचा. ट्रकच्या ट्रक भरून संत्री बाहेर जातात, आणि तोडणीला गेलेली आमची पोटुशी बाई काळ्या चहावर दिवस काढते. मुंगन्याच्या शेंगा आणि पाला, अंबाडी, चवळाई, फल्लीदाणे आणि गुळाचा लाडू, हे विकतचे टॉनिक नाही, आपल्या परसातले आहे. परस उरला नसेल तर बाजारातही स्वस्त आहे. अंडे खाणाऱ्यांनी रोज एक अंडे खावे.

समोरच्या काही ताया मनात म्हणत असतील, की हे सगळे बारीक बायांचे झाले. आमचे काय? आमचे तर वजन उतरतच नाही! हसू नका. हाही तितकाच गंभीर भाग आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, २०१९-२१ ची. त्यात महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांत वीस-एकवीस प्रमाणाबाहेर बारीक निघाल्या आणि तेवीसेक प्रमाणापेक्षा जड. शंभरात ५४ जणींना रक्तक्षय. पाच वर्षांखालच्या शंभर लेकरांत ३६ वजनाने कमी. म्हणजे एकाच राज्यात, एकाच वस्तीत, कधी कधी एकाच घरात, सून वाळलेली, सासू जड आणि नातू लाल पट्ट्यात. तिघांचे रोग वेगळे दिसतात, पण स्वयंपाकघर एकच आहे. पॉलिशचा भात, साखरेचा चहा दिवसातून पाच वेळा, वडा-समोसा, आणि "फेकण्यापेक्षा मीच खाते" म्हणून पोटात ढकललेले उरलेसुरले. ज्वारीची भाकर, कण्या आपल्या ताटातून गेल्या, त्यांच्याबरोबर बरेच काही गेले. चाळिशीच्या पुढे गुडघे, शुगर, बीपी. वस्तीत समज असा, की "ऑपरेशन केल्यापासून जाड झाली". कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेने बाई जाड होत नाही. त्या वयात कामाची तऱ्हा बदलते, झोप कमी होते, चिंता वाढते.

आणि जाड बाईला हसतात. लग्नात हसतात, ऑटोत बसताना हसतात, नवरा चारचौघांत नाव ठेवतो. मग ती काय करते? गल्लीत कोणीतरी पावडरीचा डबा घेऊन येते. दोन-अडीच हजारांचा डबा, "महिन्यात दहा किलो कमी", आणि वर "तूही दोघींना विक, तुलाही कमिशन". बचत गटाचे कर्ज काढून डबे घेतलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. वजन गेले की नाही माहीत नाही, हप्ता मात्र दर महिन्याला आला. अंगावर दूध पाजणाऱ्या एका पोरीने सासूच्या डब्यातली पावडर जेवणाऐवजी घेतली, आणि लेकरू दिवसभर रडू लागले. अशा वेळी तिला "हे घेऊ नको वो" म्हणणारी एक मैत्रीण जवळ असती तर?

हा विषय धम्मात कुठे आहे, असे विचारले होते ना? तिथेच येतो. किसा गोतमीची कथा तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. मेलेले लेकरू कडेवर घेऊन ती तथागतांकडे गेली आणि त्यांनी तिला, ज्या घरात कोणी मेले नाही, त्या घरातून मोहरी आणायला सांगितले. कथेचा अर्थ अनित्यता, हे बरोबरच आहे. पण तिच्या नावाकडे आपण लक्ष देत नाही. "किसा" म्हणजे कृश, वाळलेली. अट्ठकथा सांगते, की अंगाने बारीक म्हणून तिला हे नाव पडले, आणि मुलगा होईपर्यंत सासरी तिला कोणी मान दिला नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही बाईच्या वजनावरून तिचे नाव ठेवत होते! आणि ती दारोदार फिरली तेव्हा काय झाले असेल, याचाही विचार करा. प्रत्येक दारात एक बाई उभी राहिली असेल आणि म्हणाली असेल, "माय, माझंही गेलं." तथागत तिला एका वाक्यात उपदेश देऊ शकले असते. त्यांनी तिला बायांकडे पाठवले.

दुसरी कथा राजाची. कोसलचा राजा पसेनदी भरपूर जेवायचा. द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला, असे संयुत्त निकायात आहे. तथागतांनी त्याला हसून घालवले नाही. मात्रा जाणून जेवणाऱ्याला त्रास कमी होतो, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना मागे उभे राहून म्हणायला ठेवले. त्यासाठी रोज शंभर कहापण दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि अंगाने हलका झाला. एवढा मोठा राजा, त्यालाही एकट्याला जमले नाही. आठवण करून देणारा माणूस लागला. आपल्या बायांना शंभर कहापण परवडणार नाहीत, पण शेजारीण फुकट आहे.

आणखी एक, भंतेजींच्या परवानगीने. वर्षावासात आपल्या बाया अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत. श्रद्धा मोठी आहे. पण पोटुशी, अंगावर पाजणारी, आणि शुगरची गोळी घेणारी, यांनी हे शील घेण्याआधी भंतेजींना आणि डॉक्टरांना विचारावे. विनयात आजारी भिक्खूला तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मुभा आहे. स्वतः सिद्धार्थ उपोषणाने हाडांचा सापळा झाले होते, तेव्हा सुजाताच्या हातची खीर त्यांनी घेतली. शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवून सांगितले.

बाबासाहेबांनी हा विषय लहान मानला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतिणीला पगारी विश्रांती देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले, आणि १९२९ ला तो कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांनी तयार केला आणि रोहम यांनी मांडला. तो पडला, पण मांडला गेला. २० जुलै १९४२ ला आपल्या नागपुरात मोहन पार्कवर दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हजारो बाया आल्या होत्या. तिथे बाबासाहेब बायांशी स्वच्छतेबद्दल, लेकरांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाची घाई न करण्याबद्दल, जास्त मुले न होऊ देण्याबद्दल बोलले. बायको नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची असावी, असे बोलले. हे सगळे घरातलेच विषय आहेत ना? त्याआधी नागपूरच्या गिरणीत काम करणाऱ्या राधाबाई कांबळे यांनी १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगापुढे साक्ष दिली होती. मी गिरणीतला माणूस, म्हणून ते नाव घेताना माझी मान ताठ होते. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली. पऱ्हाटीच्या वावरात मात्र हा कायदा पोहोचत नाही. पहिल्या बाळंतपणाला मातृ वंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याने आणि कागद बरोबर असतील तर.

आता त्या ज्येष्ठ उपासकांचा दुसरा प्रश्न. ते म्हणाले होते, "बायांच्या गप्पांनी काय होते?" गप्पांनी काय होते, हे मोजलेले आहे. नेपाळात, जिथे लुंबिनी आहे त्या देशात, मकवानपूर नावाच्या डोंगरी जिल्ह्यात काही गावांमध्ये बायांचे गट केले. महिन्यातून एक बैठक. गावातलीच एक बाई ती चालवायची. बाळंतपणात काय अडचण येते, काय करता येईल, एवढेच बोलायचे आणि ठरवायचे. शेजारच्या तशाच गावांत गट केले नाहीत. २००४ साली निष्कर्ष छापून आला: गट असलेल्या गावांत जन्मल्यावर महिनाभरात दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. मग आपल्या देशात झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी गावांत 'एकजुट' या संस्थेने तसेच केले. चित्रांची कार्डे, गोष्टी, खेळ. २०१० साली त्याचे आकडे आले: तीन वर्षांत ३२ टक्के घट. आणि तिसऱ्या वर्षी त्या बायांमधली मनाची खिन्नताही निम्म्याहून कमी झालेली दिसली. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या बायांनाच नवजात बाळाला तोलायला, उबेत ठेवायला शिकवले, आणि १९९९ साली त्याचे परिणाम जगाने वाचले. बायांच्या गप्पांनी हे होते, दादा.

आपल्या वस्तीतही छोटासा प्रयोग झाला. ज्या बाईने दाराला कडी लावली होती, तिच्यासह चौघींनी ठरवले, की रोज एकीने घरी राहायचे, चौघींची लेकरे सांभाळायची, ठरलेल्या वेळी घास भरवायचा, आणि तिघींनी वेचायला जायचे. तिघींच्या मजुरीचे चार वाटे करायचे. पहिल्याच आठवड्यात भांडण झाले, की कोणाचे लेकरू जास्त खाते. मग वही केली, डाळ-तांदळाचा हिशेब लिहिला. संक्रांतीपर्यंत दोन लेकरांची रेघ वर गेली, एकाची होती तिथे राहिली. चौथ्याचे मात्र नीट खाऊनही वजन चढेना, तेव्हा चौघींना कळले की दुखणे वेगळे आहे, आणि त्याला वेळेवर दवाखान्यात नेले. मोठ्या बहिणी शाळेत जाऊ लागल्या. पण हंगाम संपला आणि हे सगळे विस्कटले. एक माहेरी गेली, दोघींचे पाण्यावरून वाजले, चौथीच्या सासूने "आपल्या घरात परक्याची पोरे नकोत" म्हटले. जागा नव्हती म्हणून मोडले. कोणाच्या तरी घरात बसायचे म्हणजे त्या घरच्या माणसांची मर्जी. आपल्या विहाराचा हॉल मात्र दुपारी रिकामा असतो. पंखा आहे, पाणी आहे, आणि इथे कोणाची सासू कोणाला बाहेर काढू शकत नाही.

म्हणून समितीपुढे मी हे मागणे ठेवले, आणि आनंदाची गोष्ट, की ते मंजूर झाले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी दोन ते चार हॉल फक्त आयांचा. पोटुशी, बाळंतीण, लेकुरवाळी, आणि चाळिशीच्या जड बायाही, सगळ्या एकत्र. वर्गणीतून एक सपाट काटा घेतला आहे, मोठ्यांसाठी. लेकरांचे वजन अंगणवाडीतच होईल, कार्ड तेवढे सोबत आणायचे. आकडा कोणाचाही मोठ्याने वाचायचा नाही, ज्याचा त्याच्या वहीत. पावडरीचा डबा आणि कमिशनची गोष्ट हॉलच्या पायरीखाली ठेवायची. येताना प्रत्येकीने घरून थोडे काही शिजवून आणायचे, आणि आधी पोटुशीने जेवायचे. एवढा एक नियम घरी नेता आला तर पाहा. अंगणवाडीच्या ताईने आणि आशाताईने जमेल तेव्हा यायचे कबूल केले आहे. त्यांना आपण खुर्ची द्यायची, जाब विचारायचा नाही.

आता मागच्या भिंतीला टेकलेल्या बंधूंसाठी. बाया दोन तास बोलणार, तर लेकरे कोण सांभाळणार? तुम्ही. बाहेरच्या ओट्यावर, बोधिवृक्षाखाली. शी-शू पुसणे, घास भरवणे, रडले तर कडेवर घेऊन फिरणे. गिरणीत माणूस चार-चार यंत्रे एका वेळी पाहतो, दोन पोरे पाहायला हरकत नसावी. पहिल्या रविवारी मी स्वतः ओट्यावर असेन. आणखी चौघे पाहिजेत. दोन नावे काल रात्री आली, तिसरे त्या ज्येष्ठ उपासकांचे आता इथे बसल्या बसल्या चिठ्ठीवर आले आहे, साधुवाद. चौथे नाव अजून रिकामे आहे. चहा येईपर्यंत ते मिळावे.

जय भीम! नमो बुद्धाय!